१८ जानेवारी २०२४ ला बेलफास्टमध्ये (उत्तर आयर्लंड) आईला एअरपोर्टवरून आणायचं कसं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आई साताऱ्याहून पहिल्यांदाच येतेय. लंडनला विमान बदलून १८ तारखेला रात्री बेलफास्ट सिटी एअरपोर्टला उतरेल. नेमका त्याच दिवशी सरकारी कर्मचाऱ्यांचा मोठा संप! बस-ट्रेन बंद, बर्फ साचू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकणारेही संपावर, त्यात बर्फाचा अंदाज. मी स्वतः नर्स, म्हणजे संपात मीही आहेच. तक्रार कुणाकडे करू? फेब्रुवारी २०२२ पासून स्टॉरमाँटचं, म्हणजे उत्तर आयर्लंडचं सरकार ठप्प, आमची पगारवाढ अडकलेली.

नवरा गावाला गेलाय, माझं इथलं लायसन्स झालेलं नाही. त्या दिवशी टॅक्सी आधी बुक केली तर नक्की येते का? आमचं घर पीस वॉलपाशी आहे, म्हणजे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंतीपाशी. रात्री तिथलं गेट बंद होतं, मग ड्रायव्हर वळसा घालायला कुरकुरतात. पूर्व बेलफास्टमधलं कुणी आईला एक रात्र ठेवून घेईल का? जेवण शाकाहारी, बाकी काही नखरे नाहीत.

आणखी एक. आई फोनवर रोज विचारते, "तिकडे परत भांडणं पेटणार का गं?" १९९८ च्या शांतता करारानुसार युनियनिस्ट (ब्रिटनसोबत राहू पाहणारे) आणि नॅशनलिस्ट (आयर्लंडशी जोडू पाहणारे) अशा दोन्ही बाजूंनी मिळूनच सरकार चालवायचं, एक रुसला की सगळं बंद, एवढं सांगितलं. तिचं उत्तर, "म्हणजे भाऊबंदकीच की!" तुम्ही घरच्यांना कसं समजावता?