अनुभव धागा: किडनीसाठी तुम्ही कोणता उपचार निवडलात, आणि का?

वाशीतल्या एका ओळखीच्या गृहस्थांना डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं, "डायलिसिसची तयारी ठेवा." घरात चर्चा पेटली ती फक्त हॉस्पिटल कुठलं यावर. पर्याय काय आहेत, हे कुणी विचारलंच नाही. म्हणून हा धागा. ठाणे-नवी मुंबईकरांनो, स्वतःचं किंवा घरातल्यांचं लिहा. हॉस्पिटलांची जाहिरात नको, उणीदुणी नकोत. क्रिएटिनिन (रक्तातला जो घटक किडनी बिघडली की वाढतो) आठवड्यात उतरवणारे काढे तर नकोतच, ते व्हॉट्सॲपवर रोज येतात.

ऐरोलीचा मुलगा
बाबांना अजून डायलिसिस लागलं नव्हतं, तेव्हाच नेफ्रॉलॉजिस्टनी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनी, हातात फिस्टुला करून घ्यायला सांगितलं. बाबा भडकले, "आजार पोटात आणि कापायचा हात?" पण फिस्टुला म्हणजे शीर धमनीला जोडणं; जोडल्यावर ती फुगून डायलिसिसची जाड सुई घेण्याजोगी व्हायला दीड-दोन महिने लागतात. बाबांच्या शेजारच्या बेडवरचे काका ऐनवेळी आले. त्यांची सुरुवात मानेतल्या कॅथेटरने (नळीने) झाली, मग संसर्ग, थंडी-ताप, सगळंच. फिस्टुलाच्या हातावर बीपी मोजायचं नाही, रक्त काढू द्यायचं नाही. लॅबवाला आला की बाबा आधीच दुसरा हात पुढे करतात.

आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त साफ करायला जायचं, दर वेळी चार तास. वर जाणं-येणं, आणि सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत बसणं. माझं स्पष्ट मत: नावाजलेलं सेंटर शोधण्यापेक्षा घराजवळचं चांगलं सेंटर पाहा. डायलिसिसनंतर गळून गेलेल्या माणसाला घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसवून दाखवा, मग कळेल. महात्मा जोतिराव फुले योजनेत डायलिसिस बसतं, पण सेंटर योजनेतलं आहे ना, हे आधी विचारा.

कोपरखैरणे, शिकवणीवाली
मी पोटाचं डायलिसिस घेतलं. आठवड्यातले तीन अर्धे दिवस गेले तर माझे क्लास बंदच. पोटात कायमची मऊ नळी असते, त्यातून दोन लिटरची पिशवी आत सोडायची, काही तास ठेवायची, काढायची आणि नवी भरायची. दिवसातून तीन-चार वेळा, घरीच. दहावीची मुलं गणित सोडवत बसतात, तोवर आतल्या खोलीत माझी एक पिशवी होते.

कौतुक पुरे, आता कटकटी. वन बीएचकेमध्ये पिशव्यांची खोकी ठेवायची कुठे? आमचा दिवाण त्यांनीच भरलाय. पिशवी बदलताना पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क, हात नीट धुतलेले. मे महिन्यात ते काय असतं ते विचारू नका. बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं की तडक डॉक्टरांना फोन, कारण पोटाच्या आवरणाला संसर्ग झालेला असू शकतो. त्या पाण्यात ग्लुकोज असतं, तेव्हा मधुमेहींनी खास विचारून घ्या. प्रथिनंही पाण्याबरोबर जातात, म्हणून मला अंडी आणि मासे उलट वाढवायला सांगितलेत.

नेरूळ
बायकोला मी किडनी दिली. माझा चुलतभाऊही तयार होता, पण अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्यात चुलतभाऊ जवळचा नातेवाईक धरत नाहीत. त्याला परवानगी समितीपुढे जावं लागलं असतं. नवी किडनी ओटीपोटात बसवतात, जुन्या सहसा तिथेच राहतात. आमच्या सासूबाई सगळ्यांना सांगतात, "हिला तीन आहेत." गोळ्या मात्र जन्मभर आणि ठरलेल्या वेळीच. रात्री नऊचा गजर वाजला की लग्नाच्या पंगतीतूनही ती उठते.

नौपाडा
आमची आजी ८४ वर्षांची, हृदयही कमजोर. सगळं समजून घेऊन ती डायलिसिसला नको म्हणाली.

ऐरोलीचा मुलगा
ताई, म्हणजे औषधं बंद केलीत?

नौपाडा
अहो नाही, औषधं चालूच आहेत! हिमोग्लोबिनसाठी इंजेक्शन, सुजेवर गोळ्या, खाजेवर औषध, पोटॅशियम कमी व्हावं म्हणून भाज्या भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून देणं. डॉक्टरांनी याला उपचारच म्हटलं. आम्हा नातवंडांना पचायला वेळ लागला. दूरच्या नातेवाइकांचे "पैशासाठी का?" असे फोन आले, ते वेगळेच.

कळवा
मी किडनीच्या आजाराच्या तिसऱ्या टप्प्यात. बीपी, साखर आणि लघवीतलं प्रोटीन आटोक्यात ठेवायचं, हाच सध्या उपचार. दुकानातून मनाने पेनकिलर घ्यायची नाही. आणि 'लो सोडियम' मीठ आरोग्यदायी म्हणून आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि कमजोर किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही.

घणसोली
घरात कुणाची किडनी जुळत नाही. नवी मुंबईची प्रतीक्षायादी वेगळी असते का?

नेरूळ
नाही दादा. मेंदूमृत दात्यांच्या अवयवांसाठी ठाणे-नवी मुंबई मुंबईच्या झेडटीसीसीतच (अवयववाटप करणाऱ्या विभागीय केंद्रातच) येतात. नोंदणी प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या हॉस्पिटलमार्फत होते. रक्तगट जुळत नसेल, तर तशाच दुसऱ्या दाता-रुग्ण जोडीशी दात्यांची अदलाबदलही कायद्याने करता येते, तिथल्या समन्वयकाला नक्की विचारा.