फ्लश ड्रॉ असताना टर्नवरचा कॉल कितपत योग्य ठरतो?

प्रश्न

गेले काही महिने मी अगदी खालच्या स्टेक्सच्या (लहान रकमांच्या), सहा खेळाडूंच्या ऑनलाइन टेबलवर नो-लिमिट होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळत आहे; त्यात हातातली दोन आणि टेबलवरची पाच सामाईक पाने यांतून पाच पानांचा सर्वोत्तम हात करायचा असतो. जुने डाव तपासताना माझ्या लक्षात आले की फ्लश ड्रॉ (फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पाने, होण्यास एक पान कमी असलेला हात) घेऊन रिव्हरपर्यंत (शेवटच्या, पाचव्या सामाईक पानापर्यंत) जाणे आणि तिथे पाने टाकणे (फोल्ड, म्हणजे डाव सोडणे) यातच माझे सर्वाधिक बिग ब्लाइंड (डावाआधीची मोठी सक्तीची पैज; खालच्या सर्व रकमा याच एककात) खर्ची पडतात. एक नमुना देतो.

माझ्याकडे आणि समोरच्या खेळाडूकडे, दोघांकडेही १०० बिग ब्लाइंड होते. मधल्या जागेवरील खेळाडूने ३ चा रेझ केला (पैज वाढवली) आणि मी बिग ब्लाइंडमधून बदामची अठ्ठी व सत्ती घेऊन कॉल केला (तेवढीच रक्कम घातली), त्यामुळे स्मॉल ब्लाइंडचे (लहान सक्तीच्या पैजेचे) ०.५ धरून पॉट, म्हणजे जमलेली रक्कम, ६.५ झाला. फ्लॉपवर (पहिली तीन सामाईक पाने) बदामचा राजा, बदामची चौकी आणि किल्वरची दुर्री आली. त्याने ४.५ लावले. रिव्हरपर्यंत फ्लश लागण्याची शक्यता ३५ टक्के आणि कॉल फिटण्यासाठी मला हवे होते २९ टक्के, असा हिशेब करून मी कॉल केला. टर्नवर (चौथे सामाईक पान) इस्पिकची राणी आली, त्याने १५.५ च्या पॉटमध्ये ११ लावले आणि एवढे घातल्यावर आता माघार कशाला, या विचाराने मी पुन्हा कॉल केला. रिव्हर कोरा गेला आणि मी पाने टाकली. या डावात माझी चूक नेमकी कोठे झाली?

उत्तर १

आपला ३५ टक्क्यांचा आकडा बरोबर आहे, पण तो या ठिकाणी लागू होत नाही. न पाहिलेल्या ४७ पानांपैकी ९ बदाम आपल्या उपयोगाचे. टर्नला त्यांपैकी एक येण्याची शक्यता १९.१ टक्के, टर्न चुकल्यास रिव्हरला १९.६ टक्के, आणि दोन्ही पाने मिळून जवळपास ३५ टक्के. ही दोन्ही पाने एकाच कॉलच्या किमतीत पाहायला मिळणार असतील, म्हणजे फ्लॉपवरच कोणी ऑल-इन झालेला (सर्व रक्कम लावलेला) असेल, तरच ३५ ची तुलना पॉट ऑड्सशी (कॉलची किंमत आणि पॉट यांच्या प्रमाणाशी) करता येते. आपल्याला ४.५ मध्ये फक्त टर्न पाहायला मिळाला. रिव्हरसाठी त्याने आणखी ११ मागितले. आउट्सना (आपला हात पूर्ण करणाऱ्या पानांच्या संख्येला) चारने गुणून टक्केवारी काढण्याचा सोपा नियम शिकताना ही अट बहुतेक जण विसरतात आणि माझ्या मते खालच्या स्टेक्सवर फ्लश ड्रॉमधून होणाऱ्या तोट्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

आता टर्नकडे पाहू. ११ घालून २६.५ जिंकायचे, म्हणजे हवे २९.३ टक्के आणि हाती १९.६ टक्के. ही तूट रिव्हरवर मिळणाऱ्या पैशांतून भरून निघायला हवी. ४६ पैकी ९ पानांवर आपण जिंकतो आणि ३७ वर हरतो, तेव्हा ११ ला ३७ ने गुणून ९ ने भागले की सुमारे ४५.२ येतात, त्यातून पॉटमधले २६.५ वजा केल्यास १८.७ उरतात. याचा अर्थ असा की फ्लश लागलेल्या प्रत्येक वेळी, समोरचा पाने टाकतो त्या वेळाही धरून, आपल्याला रिव्हरवर सरासरी १८.७ बिग ब्लाइंड मिळाले तरच हा कॉल फिटतो. तेव्हाचा पॉट ३७.५ असतो, म्हणजे सरासरी अर्धा पॉट. एरवी ही अपेक्षा अवाजवी नसते, परंतु आपला फ्लश अठ्ठीचा होता आणि आपण पोझिशनबाहेर होतो, म्हणजे प्रत्येक फेरीत आपल्याला समोरच्याच्या आधी खेळावे लागत होते. फ्लॉपवर मात्र हाच हिशेब केल्यास पुढे केवळ ८ बिग ब्लाइंड मिळणे पुरेसे होते, म्हणून तो कॉल मला मान्य आहे. टर्नवर मी पाने टाकली असती. फ्लॉपला घातलेले ४.५ तेव्हा आपले राहिलेलेच नव्हते, त्यामुळे ते टर्नच्या निर्णयात येऊच नयेत.

उत्तर २

वरील गणिताशी मी सहमत आहे, तथापि आपण दोघेही केवळ कॉल आणि फोल्ड यांचाच विचार करत आहात. ड्रॉचे अर्धे मूल्य समोरच्याला पाने टाकायला लावण्यात असते. एक साधे उदाहरण घ्या: टर्नवर पॉटइतकीच रक्कम शिल्लक आहे आणि आपण ऑल-इन होता. हाती काहीच नसेल तर ती चाल फिटण्यासाठी समोरच्याने ५० टक्के वेळा पाने टाकायला हवीत. नऊ खरे आउट्स असतील तर सुमारे २९ टक्के वेळा पुरे. फरक किती मोठा आहे, ते पाहा.

मात्र खालच्या स्टेक्सवर हे शस्त्र माणूस पाहूनच वापरावे. तिथले अनेक खेळाडू राजाची जोडी लागली की कितीही मोठ्या रकमेला कॉल करतात आणि त्यांच्यापुढे सेमी-ब्लफ (ड्रॉ असताना समोरच्याने पाने टाकावीत म्हणून लावलेली रक्कम) म्हणजे शुद्ध उधळपट्टी होय. उलट, फ्लॉपवर प्रत्येक डावात एक-तृतीयांश पॉट लावून टर्नवर गप्प बसणारा खेळाडू समोर असेल, तर आपल्या अठ्ठी-सत्तीने चेक-रेझ करणे (आधी रक्कम न लावणे, म्हणजे चेक, आणि त्याने लावल्यावर वाढवणे) मला कॉलपेक्षा कधीही अधिक पसंत पडेल, कारण शोडाउनला (शेवटी पाने उघडण्यापर्यंत) गेल्यास त्या हाताला स्वतःची काहीच किंमत नसते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. हाच डाव बदामचा एक्का व पंजी घेऊन खेळलो असतो तर उत्तर बदलले असते का? आणि कॉल करून फ्लश लागलाच, तर पोझिशनबाहेरून रिव्हरवर चेक करावे की स्वतःच लावावे?

उत्तर ३

उत्तर निश्चित बदलते. समोर राजाची जोडी असेल तर उरलेले तीन एक्केही बहुतेक वेळा आपल्याला जिंकून देतात, त्यामुळे नऊऐवजी बारा आउट्स होतात, आणि तीन तिर्ऱ्यांपैकी एक आली की एक्का ते पंजी असा सरळ क्रमही पूर्ण होतो. समोरच्याचा राजा एक्क्यासोबत असेल, तर मात्र एक्क्यांचे आउट्स आपण गमावतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एक्क्याचा फ्लश लागल्यावर बोर्डवर (सामाईक पानांत) जोडी नसेल तर आपण निर्धास्त असतो. अठ्ठीच्या फ्लशला ती निश्चिंती नसते: समोरच्याकडे बदामची दोन मोठी पाने असतील तर आपले आउट्स नऊचे सात होतात, आणि त्यांतले एखादे आले की उलट आपलाच मोठा पॉट जातो. एरवी शांत खेळणारा माणूस तिसऱ्या बदामावर अचानक रेझ करतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवावा. शिवाय बोर्डवर जोडी पडलेली असेल, तर फुल हाउसच्या (एका किमतीची तीन आणि दुसऱ्या किमतीची दोन पाने; हा हात फ्लशला हरवतो) शक्यतेमुळे सर्वच आउट्स थोडे स्वस्त धरावेत.

दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत स्पष्ट आहे: या स्टेक्सवर स्वतःच लावा. तिसरे बदाम दिसताच एका जोडीचे मालक चेक करून मोकळे होतात, पण रक्कम समोर आली की त्याच जोडीने कॉल करतात. ३७.५ च्या पॉटमध्ये आपण २५ लावले आणि चारपैकी तीन वेळा कमकुवत हाताने कॉल आला, तर सरासरी १८.७५ मिळतात, म्हणजे पहिल्या उत्तरातली तूट जेमतेम भरून निघते. चेक करून वाट पाहिल्यास तेवढी सरासरी गाठणे मला कठीण वाटते. आपल्याकडे नोंदी आहेतच, तेव्हा फ्लश लागलेले डाव वेगळे काढून रिव्हरवर प्रत्यक्षात सरासरी किती मिळाले, हे अवश्य मोजा. फक्त वीस-तीस डावांवरून निष्कर्ष काढू नका, कारण टर्नवरचे दहा ड्रॉ ओळीने कोरे जाण्याची शक्यताही अकरा टक्क्यांच्या आसपास असते.