'ए' दाबला की दोनदा एंटर होतो! ८०४२ (कीबोर्ड कंट्रोलर चिप) च्या ड्रायव्हरसाठी मदत हवी आहे

फावल्या वेळात स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय (३२-बिट, सी आणि थोडी असेंब्ली). क्यूएमूमध्ये (मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) कीबोर्ड झकास चालतो. खऱ्या मशीनवर मात्र ए दाबला की एंटर, एस दाबला की चौकोनी कंस, डी दाबला की एच. तेही प्रत्येकी दोनदा.

मशीन म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून आणलेला जुना डेस्कटॉप, मागे गोल जांभळं पीएस/२ सॉकेट. कीबोर्ड भर पावसात लोकलने आणला होता, म्हणून पहिला संशय पाण्यावर. दुसरा आणला (दुकानदार: "यूएसबी घ्या ना साहेब, हे कोण वापरतं आता?"), तोही तसाच. पण पेन ड्राइव्हवरून लिनक्स लावलं तर दोन्ही व्यवस्थित. म्हणजे खोट माझ्याच कोडमध्ये.

एवढं कळलंय (आकडे हेक्समध्ये): कीबोर्ड बटणांचे कोड 'सेट २' या तक्त्याप्रमाणे पाठवतो, कंट्रोलर ते 'सेट १' मध्ये बदलून देतो (ट्रान्सलेशन), आणि माझा ड्रायव्हर सेट १ धरून चालतो. सेट २ मध्ये ए चा कोड १सी, आणि सेट १ मध्ये १सी म्हणजे एंटर. बटण सोडताना एफ० आणि पुन्हा १सी येतो, तो दुसरा एंटर. थोडक्यात, कंट्रोलरचं ट्रान्सलेशन बंद पडलंय. पण मी ते बंद केलेलंच नाही! पोर्ट ६४ (कमांड) वर २० ही वाचायची कमांड पाठवतो, पोर्ट ६० (डेटा) वरून कॉन्फिगरेशन बाइट वाचतो, त्यात बिट ० (कीबोर्डचा इंटरप्ट) चढवतो, म्हणजे १ करतो, ६४ वर ६० ही लिहायची कमांड पाठवून बाइट परत लिहितो, शेवटी एई (कीबोर्ड चालू करायची कमांड). ट्रान्सलेशनच्या बिट ६ ला हातही लावत नाही.

अजून एक गंमत: ग्रबचा (बूट करून देणारा प्रोग्राम) मेनू आपोआप सुटू दिला तर कधीकधी सगळं नीट चालतं. एंटर मारून बूट केलं की हमखास बिघडतं.

प्रतिसाद १: बायोसमध्ये यूएसबी लेगसी सपोर्ट (यूएसबी कीबोर्ड पीएस/२ सारखा भासवणारी सोय) बंद करून बघा.

धागाकर्ता: कीबोर्ड गोल पिनचाच आहे हो. तरी बंद केलं, फरक नाही.

प्रतिसाद २: तो वाचलेला बाइट स्क्रीनवर छापून बघितलात का?

धागाकर्ता: नव्हता बघितला. आत्ता छापला, ९सी.

प्रतिसाद २: मग तो कॉन्फिगरेशन बाइट नाहीच. ९सी म्हणजे एंटर सोडल्याचा कोड, तुम्ही ग्रबमध्ये मारलेल्या एंटरचा. २० पाठवल्यावर तुम्ही न थांबता वाचताय. क्यूएमूत उत्तर लगेच तयार असतं, खरा कंट्रोलर वेळ घेतो आणि तोवर ६० वर जुनाच बाइट मिळतो. ९सी मध्ये बिट ६ शून्य, तोच तुम्ही परत लिहिलात. बिट ४ चढलेला, म्हणजे कीबोर्ड बंदच व्हायचा. एई पाठवलात म्हणून वाचलात.

आधी एडी (कीबोर्ड बंद करायची कमांड) पाठवा, ६४ वरून वाचलेल्या स्टेटसमधला बिट ० (वाचायला बाइट तयार आहे) उतरेपर्यंत ६० वाचून फेकून द्या, मग २०. उत्तर वाचण्याआधी बिट ० चढेपर्यंत थांबा, काहीही लिहिण्याआधी बिट १ (आधी लिहिलेलं कंट्रोलरने अजून घेतलेलं नाही) उतरेपर्यंत. लूपना मर्यादा घाला, नाहीतर कंट्रोलर नसलेल्या मशीनवर तिथेच लटकाल. आणि हे होईपर्यंत आयआरक्यू १ (कीबोर्डचा इंटरप्ट) बंद ठेवा, नाहीतर उत्तर तुमचाच इंटरप्ट हँडलर पळवेल.

धागाकर्ता: दादा, तेच होतं! आता वाचलेल्या बाइटमध्ये बिट ६ चढलेला दिसतो, ए म्हणजे ए. बाण दाबले की आकडे उमटतायत, पण ते बाणांच्या कोडआधी येणारा ई० हाताळलेला नाही म्हणून. ते माझं मी बघतो.