वाळवंटातली नर झुडपं उतारावर आणि मादी घळीत, असं खरंच असतं का?

टेकडीवेडी: नमस्कार मंडळी, दोन वर्षं झाली अमेरिकेत युटा राज्यामध्ये राहतेय. मागच्या मे महिन्यात इथल्या कोरड्या डोंगरावर एफेड्रा बघत होते, इकडे त्याला मॉर्मन टी म्हणतात, पानं जवळजवळ नाहीतच, हिरव्या काड्यांचा खराटा उलटा रोवल्यासारखं झुडूप. पपईसारखी नर-मादी झाडं वेगळी. नराला नुसती बाही घासली तरी पिवळी पूड लागते. उतारावर बहुतेक नरच दिसले आणि खाली घळीत, जिथे ओल टिकते, तिथे मादी जास्त. योगायोग आहे की काही कारण?

कातळफूल: अगदी बरोबर पाहिलंत! १९७६ साली फ्रीमन, क्लिकॉफ आणि हार्पर या संशोधकांनी युटातच पाच जातींची अशी मोजणी केली, त्यात एफेड्रा होता, शॅडस्केल नावाचं झुडूप होतं, सॉल्टग्रास नावाचं गवतही. कोरड्या जागी नर जास्त, ओलसर जागी मादी. नराचं काम पराग उडवला की संपलं, मादीला मात्र बी भरेपर्यंत पाणी पुरवावं लागतं आणि तोवर उन्हाळा डोक्यावर येतो. शिवाय या सगळ्यांचे पराग वाऱ्यावर जातात, मग उघड्या उतारावरचा नर फायद्यातच की.

बीजवेडा: पण ताई, फुलावर नसलेली झुडपं मोजलीत का? कोरड्या जागी मादी एखाद्या वर्षी फुलतच नाही, मग ती हिशोबातून सुटते आणि नर जास्त वाटतात. दुसरं म्हणजे फोरविंग सॉल्टबुश नावाच्या झुडपात तर दुष्काळ किंवा कडक थंडीनंतर काही माद्या चक्क नर होतात! म्हणजे कोरड्या जागी माद्या मेल्या, की फुलल्या नाहीत, की बदलल्या, हे एका फेरीत कळणार नाही. मला तर हाच सगळ्यात भारी भाग वाटतो.

शेवाळप्रेमी: आणि सगळीकडे हाच नियम लावू नका. मोहावी वाळवंटात सिंट्रिकिया नावाचं शेवाळ आहे, तिथे उलटं, उघड्यावर माद्याच माद्या आणि नर अगदी मोजके, तेही झुडपाच्या सावलीत.

टेकडीवेडी: बाप रे, न फुललेली मी सोडूनच दिली होती! आता येत्या मेमध्ये वर वीस आणि खाली वीस झुडपांना चिंध्या बांधून नंबर घालते, न फुललेली पण धरून, आणि दरवर्षी तीच बघत राहते. फोटो इथेच टाकेन.