आपत्तीच्या वेळची यादी: एकच हवी, आणि ती आत्ताच हवी

प्रेषक: सचिव
प्रति: सर्व सभासद

सप्रेम नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यातल्या वादळात आपल्यातल्या बऱ्याच घरांत दोन दिवस वीज नव्हती. कुणाला इजा झाली नाही, हे मोठंच. पण त्या दोन दिवसांत आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे झालं ते मनातून जात नाही.

एका आजींच्या ऑक्सिजन यंत्राला वीज हवी, असा निरोप दुपारी आला. पाऊण तासात शेजाऱ्यांनी त्यांना आपल्या घरी नेलं. निरोप मात्र दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत फिरत राहिला. आपल्यातली तीन कुटुंबं, रस्त्यात झाडं पडलेली असताना, जनरेटर गाडीत घालून त्या बंद घरापर्यंत जाऊन आली. त्यांच्या मायेला काय म्हणावं! पण त्याच वेळी दुसऱ्या एका घरात खरोखर गरज होती आणि तिकडे कुणीच गेलं नाही.

मदतीच्या निरोपांसाठी एकच गूगल शीट, म्हणजे सर्वांना नेटवर उघडता-भरता येणारा तक्ता, काढावी असं कार्यकारिणीत निघालं आहे. कृपया सुचवा.


प्रेषक: संकेतस्थळ समिती
विषय: उत्तर: आपत्तीच्या वेळची यादी

ताई,

शीट जरूर काढा, पण आधी दोन रकाने आखा: "शेवटचं कुणी, किती वाजता विचारलं" आणि "मिटलं का". नाव-पत्ता नंतर. निरोप पुढे ढकलला की त्यावर ढकलल्याची वेळ दिसते, मूळ निरोपाची दिसत नाही. आजींचा निरोप प्रत्येकाला "आत्ताच" आलेला वाटला तो म्हणूनच. यात चूक कुणाचीच नाही.

हे जगात याआधी घडून गेलेलं आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या कतरिना चक्रीवादळानंतर हरवलेल्या माणसांच्या याद्या कितीतरी संकेतस्थळांवर वेगवेगळ्या पडल्या होत्या. आई एका यादीत, मुलगा दुसऱ्या. स्वयंसेवकांनी त्या हाताने एकत्र केल्या आणि याद्या एकमेकींशी जुळाव्यात म्हणून नोंदीचा एक सामायिक नमुना ठरवला. २०१० च्या हैती भूकंपात सुरू झालेलं गूगलचं पर्सन फाइंडर हे हरवलेली माणसं शोधायचं संकेतस्थळ त्याच नमुन्यावर चाललं. त्यात दोनच दारं होती: मी कुणाला शोधतो आहे, आणि माझ्याकडे कुणाची माहिती आहे. केरळच्या २०१८ च्या पुरातही 'केरळ रेस्क्यू' या संकेतस्थळावर मदतीच्या विनंत्या एका जागी गोळा होत होत्या आणि स्वयंसेवक फोन करकरून त्या पडताळत होते. पडताळणारी माणसं नसती तर ती नुसती लांबच लांब यादी उरली असती.

आणि आपण गावापासून दूर आहोत म्हणून आपला काय उपयोग, असं कुणी म्हणू नये. हैतीत लोक ४६३६ या क्रमांकावर क्रेओल या तिथल्या भाषेत एसएमएस पाठवत होते. ते वाचले, इंग्रजीत आणले आणि त्यातले पत्ते नकाशावर शोधले ते जगभर पांगलेल्या हैतीच्याच लोकांनी. गल्लीचं बोलीतलं नाव परक्याला कळत नाही, तिथे वाढलेल्याला कळतं. गावाकडे काही झालं तर हे काम आपणच करू शकतो.

आता थोडं माझं. तीन वर्षांपूर्वी आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं आणि फोन पाण्यात गेला. मी निश्चिंत होतो, कारण पासपोर्ट, विमा, घराचे कागद सगळं क्लाउडवर होतं. पासवर्डही पाठ होता. पण आत शिरायला जो ओटीपी लागतो तो त्याच बुडालेल्या फोनवर येणार. नवं सिम हवं तर ओळखपत्र दाखवा, आणि मूळ ओळखपत्र चिखलात, त्याची प्रत क्लाउडवर. नऊ दिवस मी या गोल चक्करमध्ये अडकलो होतो. खातं उघडायचे राखीव कोड आधी कागदावर उतरवून बहिणीकडे ठेवले असते तर दहा मिनिटांचं काम होतं.

विम्याचंही तसंच. घरात काय काय होतं त्याचा पुरावा मागितला, तेव्हा मी मुलीच्या वाढदिवसाचे फोटो मोठे करकरून मागचं कपाट आणि शिलाई मशीन शोधत बसलो. म्हणून सांगतो, आज रात्री फोन हातात घेऊन घरभर फिरा. कपाटं, खण उघडून, बोलत बोलत व्हिडिओ करा. यंत्रांच्या मागची नंबरपट्टी जवळून घ्या. तो व्हिडिओ घराबाहेर, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यातही ठेवा.


प्रेषक: ज्येष्ठ सभासद गट
विषय: उत्तर: आपत्तीच्या वेळची यादी

चि. संकेतस्थळवाले,

तळमळ पोचली. पण दोन गोष्टी. कुणाच्या घरी ऑक्सिजन आहे, कोण एकटं राहतं, हे शीटवर लिहिलं की ती लिंक कुठवर जाईल याची खात्री कोण देणार? एकट्या म्हाताऱ्या माणसाचा पत्ता भलत्याच्या हाती पडणं हीसुद्धा आपत्तीच आहे. दुसरं, आमच्याकडे त्या रात्री नेटच नव्हतं. तुमची शीट उघडायची कशाने?


प्रेषक: संकेतस्थळ समिती
विषय: उत्तर: आपत्तीच्या वेळची यादी

काका, दोन्ही मुद्दे रास्त आहेत. पहिल्याचा विचार मी केलाच नव्हता.

आजारपण आणि पत्ते सर्वांच्या शीटमध्ये नकोतच. तिथे फक्त घर क्रमांक म्हणून मंडळाने दिलेला आकडा, काय हवं आहे, शेवटची वेळ आणि "मिटलं". आकड्याचं घर कुठलं हे प्रत्येक भागातल्या दोघांनाच ठाऊक. ज्यांना नोंद नको त्यांची घेऊ नये, आणि संकट सरलं की सर्वांची शीट पुसून टाकावी.

नेट नसताना: शीट फोनवर ऑफलाइन उघडेल अशी आधीच करून ठेवता येते, नकाशाचंही तसंच. मात्र ऑफलाइन प्रत जुनी असते हे लक्षात असू द्यावं. फोन लागत नाही तेव्हाही साधा एसएमएस बरेचदा जातो. तो इवलासा असतो, आणि जाळं मोकळं होईपर्यंत वाट बघू शकतो. शिवाय सरकारी इशारे येतात ते सेल ब्रॉडकास्टने, त्या टॉवरखालच्या सगळ्या फोनवर एकदम. त्यांना तुमचा नंबर लागत नाही, नेटही लागत नाही. कर्कश आवाजाला कंटाळून पुष्कळांनी ते सेटिंगमध्ये बंद करून ठेवलेत. ते चालू करा, कळकळीची विनंती.

आणि काका, शेवटी कागद लागतोच. चार नंबर, औषधांची नावं, आणि दूरच्या गावातलं एक माणूस, ज्याला घरातल्या प्रत्येकाने "मी ठीक आहे" एवढंच कळवायचं.


प्रेषक: सचिव
विषय: उत्तर: आपत्तीच्या वेळची यादी

सर्वांचे आभार. भागवार दोघं-दोघं जण मी फोनवरून ठरवते, लिस्टवर नावं लिहीत नाही. येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता सर्वांनी तासभर वाय-फाय आणि मोबाइल डेटा बंद करून शीट उघडून पाहावी आणि दूरच्या माणसाला एसएमएस करावा. "मिटलं"चा रकाना भरायचं काम मात्र एकाच वेळी एकानेच करायचं. पहिली पाळी माझी.


प्रेषक: ज्येष्ठ सभासद गट
विषय: उत्तर: आपत्तीच्या वेळची यादी

रविवारची वाट न पाहता आम्ही उभयतांनी आजच करून पाहिलं. शीट उघडली. एसएमएस गेला नाही. कागदावरचा मुलाचा नंबर जुना निघाला, दोन वर्षांपूर्वीचा. नवा फोनमध्येच होता, म्हणून कागद कधी तपासलाच नव्हता. आता दोन्हीकडे तोच नंबर आहे, आणि त्याचं उत्तरही आलं.