शब्दचर्चा: ‘स्लॅब सेरिफ’ला मराठीत काय म्हणावं?

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. परवा शिवजयंतीच्या चित्ररथाचा बॅनर करून घ्यायला मंडळाची पोरं आली. एकानं मोबाइलवर जुन्या सर्कशीच्या जाहिरातीतलं जाड इंग्रजी अक्षर दाखवलं आणि म्हणाला, ‘‘असं दप्प घाला की, पायात फळी ठोकलेलं.’’ दप्प म्हणजे जाड, कन्नडमधून इथे कानावर पडणारा शब्द. पण ‘पायात फळी’ ऐकून माझा हात माउसवरच थांबला.

सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या दांडीच्या टोकाला असलेली आडवी पट्टी. ती दांडीच्याच जाडीची केली की स्लॅब सेरिफ. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सनं १८१५च्या सुमारास असे खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरठसे, ‘अँटिक’ नावानं दाखवले. पुढे त्यांना ‘इजिप्शियन’ म्हणू लागले, कारण नेपोलियनच्या स्वारीनंतर युरोपात इजिप्तचं वेड पसरलं होतं. अक्षराचा त्या देशाशी संबंध नाही, म्हणून ‘मिसरी’ (इजिप्तचं) हे नाव मला नको. ‘ठळक’ही पुरत नाही. १८४५चा क्लॅरेंडन हा याच घराण्यातला टाइप साध्या मजकुरात एखादा शब्द उठून दिसावा म्हणून वापरत, पण तो झाला त्याचा उपयोग. मला आकाराचा शब्द हवा आहे. ‘फळीदार’ कसा वाटतो?

खानापूरहून प्रतिसाद

फळी हलते हो. आमच्या जुन्या घरात सागवानी खांब आहेत आणि प्रत्येकाखाली चौकोनी दगड, तळखडा. खांबाहून थोडा बाहेर आलेला, सगळा भार घेणारा. तुम्ही सांगता ते अक्षर डोळ्यांपुढे आणलं तर मला तोच दिसतो. ‘तळखडी अक्षर’ म्हणा.

निपाणीहून प्रतिसाद

शब्द देखणा आहे, पण रोमनमध्ये पट्टी वरच्या टोकालाही असते. तळखडा तर फक्त खाली.

मूळ लेखक

काका, तळखडा मनात बसला. निपाणीचा मुद्दाही खरा आहे, रोमनपुरता. आपल्या अक्षराला वर शिरोरेषा आहेच. ती दांडीइतकी जाड केली की वरची बाजू भागते. खाली काय होतं ते ‘बेळगाव’ लिहून पाहिलं. ब, ग, काना आणि व अशा चार दांड्यांना तळखडे बसले. ळ मात्र गोल, त्याला टेकायला दांडीच नाही, तो मध्येच लोंबतो. ‘गा’मध्ये दोन दांड्या शेजारी, त्यांचे तळखडे एकमेकांना चिकटतात आणि लांबून एकच ठोकळा दिसतो. बॅनर रस्त्यावरून वाचायचा असतो, तिथे हे चालणार नाही.

‘खानापूर’मध्ये तर पूचा ऊकार दांडीच्या पायालाच लागतो. तळखडा ठेवला तर ऊकार कुठून काढायचा? शेवटी पूचा तळखडा काढला, ‘गा’मधल्या दोन्ही तळखड्यांच्या आतल्या बाजू छाटल्या, आणि ळची गाठ जाड केली म्हणजे शेजारच्यांपुढे तो हलका पडत नाही.

तेव्हा मी ‘तळखडी’ वापरायला लागतोय. छापखान्यात खिळे जुळवलेलं कुणी इथे असेल तर सांगा: खिळ्यावरच्या अक्षराच्या या पायाला तुमच्याकडे काय म्हणत?