लिफ्टच्या पत्रातलं ‘नॉट’

ए-४०२: सेक्रेटरी साहेब, लिफ्टवाल्यांचं उत्तर आलं म्हणे. ग्रुपवर का टाकत नाही? सूनबाईला सातवा महिना लागलाय, चार मजले चढते. लिफ्ट कधी सुरू होणार?

ए-१०१ (सेक्रेटरी): नमस्कार काका. ते उलट आपल्यालाच विचारतायत, लिफ्ट चालू आहे की बंद. आपण तर स्पष्ट लिहिलं होतं, ‘द लिफ्ट इज टू ओल्ड टू नॉट रन.’

ए-३०४: स्पष्टच आहे 😀

बी-२०३ (बाई): अहो भाऊ, याचा अर्थ लिफ्ट इतकी जुनी आहे की चालल्याशिवाय राहणारच नाही! पहिलं ‘टू’, म्हणजे ‘फारच’, म्हटलं की नकार त्याच्या पोटातच असतो. ‘टू ओल्ड टू रन’ एवढंच पुरे. आपण मराठीत ‘इतकी जुनी की चालत नाही’ म्हणतो, म्हणून हात आपोआप ‘नॉट’ लिहून जातो. तो हवाच असेल तर ‘सो ओल्ड दॅट इट कॅननॉट रन’.

बी-३०१: मग परवा तुमच्या पुरणपोळीला मी ‘टू गुड’ म्हटलं ते?

बी-२०३ (बाई): बोलण्यात चालतं. पेपरात लिहू नये.

ए-१०१ (सेक्रेटरी): बाई, आदर आहे. पण नोकरी सांभाळून हे सगळं मी फुकट करतो. चुका काढायला अख्खी सोसायटी, आणि मीटिंगला चार टाळकी.

बी-१०२: ते राहू दे हो. बाई, आमच्या चिरंजीवांचा उद्या इंग्रजीचा पेपर आहे. ‘सो’ कुठे आणि ‘सच’ कुठे? आपल्याकडे दोन्हीला ‘इतका’च.

बी-२०३ (बाई): ‘सो’पुढे नुसतं विशेषण किंवा क्रियाविशेषण. ‘सो टायर्ड दॅट’, ‘सो स्लोली दॅट’. पाठोपाठ नाम आलं की ‘सच’: ‘सच अ हॉट डे दॅट’. मात्र मच, मेनी, लिटल, फ्यू असतील तर नाम असूनही ‘सो’: ‘सो मेनी पीपल दॅट’. आणि ‘व्हेरी’ला ‘दॅट’ जोडू नकोस म्हणावं, मुलं हमखास तिथेच मार्क घालवतात.

बी-३०१: ‘देअर आर सो मेनी क्रोकोडाइल्स इन द विश्वामित्री रिव्हर दॅट...’ पुढे काय लिहू?

ए-३०४: ‘दॅट वन जॉइन्ड अवर कमिटी.’

ए-४०२: लिफ्ट कधी सुरू होणार?

ए-२०२ (आबा): सयाजीराव महाराजांनी १९०६ साली अख्ख्या बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्यांच्या गावात ही दशा!

ए-३०४: कमिटीला सूट असावी आबा.

ए-१०१ (सेक्रेटरी): टोमणे कळतात बरं का. ए-३०४ चा तीन महिन्यांचा मेंटेनन्स बाकी आहे, तेही इंग्रजीत लिहू?

ए-३०४: आधी पार्किंगमधलं पाणी बघा, मग पैसे मागा.

बी-३०१: ‘ए-३०४ हॅज इनफ मनी टू पे.’ बराबर छे ने, बाई?

बी-२०३ (बाई): बरोबर. नाम असेल तर ‘इनफ’ आधी, विशेषण असेल तर नंतर. ‘रिच इनफ टू पे’.

ए-३०४: बाई, तुम्हीसुद्धा?

बी-१०२: आणि ‘सो दॅट’ जोडून आलं तर?

बी-२०३ (बाई): मग बहुतेक वेळा हेतू. ‘वी पे मेंटेनन्स सो दॅट द लिफ्ट कॅन रन.’ दोघांच्या मध्ये ‘ओल्ड’सारखं काही घातलं की परिणाम.

ए-४०२: आमच्या घरून हेतू दर महिन्याच्या पाच तारखेला जातो. परिणाम जिन्यात दिसतो. लिफ्ट कधी सुरू होणार?

ए-१०१ (सेक्रेटरी): काका, नवीन मेल लिहिलाय. ‘द लिफ्ट इज सो ओल्ड दॅट इट हॅज स्टॉप्ड रनिंग. प्लीज सेंड अ मेकॅनिक टुडे.’ बाई, नजर टाका.

बी-२०३ (बाई): छान. पाठवा.

ए-१०१ (सेक्रेटरी): पाठवला. फोनही केला. मेकॅनिक संध्याकाळी पाचपर्यंत येतोय. काका, वहिनींना तोवर खाली उतरू देऊ नका.

बी-३०१: त्याच्याशी गुजरातीतच बोला हं.

ए-३०४: हा मेसेज डिलीट केला आहे.

ए-१०१ (सेक्रेटरी): वाचला मी. रविवारी मीटिंगला या, तिथे मोठ्याने म्हणा.